'आवाज छान आहे' या वाक्याने माझी दोन वर्षं खाल्ली

शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन मीच करायचे, सोसायटीच्या गणपतीतही माईक माझ्याच हातात असायचा, त्यामुळे सगळे म्हणायचे अगं तू डबिंग का नाही करत, आणि मलाही वाटायला लागलं की आपण अंधेरीला जाऊन उभं राहायचाच काय तो अवकाश. 2016 मध्ये नोकरी सांभाळून सुरुवात केली. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, आणि मग आराम नगर, ओशिवरा, लोखंडवाला असं पायी किंवा शेअर रिक्षाने फिरत स्टुडिओत नंबर देऊन यायचं.

पहिल्या व्हॉइस टेस्टला कागद हातात दिला, मी मस्त घोळवून वाचलं. काचेपलीकडून टॉकबॅकवर आवाज आला, "छान आहे, पण तू बातम्या देतेयस. शेजारणीशी बोल ना." दुसऱ्यांदा वाचलं तरी बातम्याच. तिसऱ्यांदाही. सूत्रसंचालनाची ती गोड चाल जिभेवरून उतरायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, आणि खरं सांगायचं तर जिला कधी माईक मिळाला नव्हता अशी मुलगी माझ्या आधी पुढे गेली.

तोवर काय, तर क्राऊड. म्हणजे बाजार, लग्न, हॉस्पिटलचा कॉरिडॉर, मागे जी माणसं बोलताना ऐकू येतात ती आम्ही चार-पाच जण. कुणाला तोंडात शब्द लिहून मिळत नाहीत, आपणच काहीतरी बोलायचं, फक्त ते नीट कळता कामा नये. ओरडायचं असेल त्याने दोन पावलं मागे जायचं, कुजबुजायचं असेल तर माईकच्या जवळ, पण तोंड जरा तिरकं, नाहीतर 'भ' आणि 'फ'ची हवा धाडकन माईकवर आदळते. बांगड्या काढून ठेवायच्या, सळसळणारा ड्रेस घालून जायचं नाही. हे कुठल्या वर्कशॉपमध्ये नाही शिकले, एका सीनियर ताईंच्या बाजूला उभी राहून शिकले. तोंड चिकट होऊन टचटच आवाज येतो म्हणून त्या पर्समध्ये हिरवं सफरचंद ठेवायच्या, आता मीही ठेवते.

पहिला खरा रोल एका इंग्रजी सिरीजमधल्या नर्सचा, सहा वाक्यं. त्यातलं एक साधं, ती म्हणते 'आय नो.' स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं 'मला माहीत आहे.' मी म्हटलं, तर पडद्यावर तिचे ओठ थांबले तरी माझं वाक्य चालूच. भरभर म्हटलं तर नर्स घाईत वाटायला लागली. मग 'माहितीये' करून बघितलं, लांबी बसली, पण डबिंग डायरेक्टर म्हणाले, "तुझे ओठ मिटतायत, तिचे मिटत नाहीत." स्क्रीनवर क्लोजअप होता, प फ ब भ म यातलं काहीही आलं की चोरी पकडली जाणार. पाच मिनिटं सगळे गप्प. मग मीच घाबरत घाबरत म्हटलं, सर, 'ठाऊकेय' चालेल का? एका टेकमध्ये ओके. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे काम जमतंय, आणि त्यात गोड आवाजाचा काही संबंध नव्हता. आज्जी घरात 'ठाऊके मला' म्हणायची ते कामी आलं.

पैशाचं बोलायचं तर, काम आज आणि पैसे तीन महिन्यांनी, तेही 10 टक्के टीडीएस कापून, आणि आपण फोन केल्यावर. एकदा एका जाहिरातीसाठी मी फुकटात सॅम्पल दिलं, 'क्लायंटला नाही आवडलं' असं कळलं, आणि महिन्याभराने रिक्षात रेडिओवर माझाच आवाज साड्यांचा सेल सांगत होता. रिक्षावाल्याला म्हटलं दादा ही मी आहे, त्याने आरशातून एकदा बघितलं आणि आवाज कमी केला. तेव्हापासून सॅम्पल दहा सेकंदांच्या वर देत नाही आणि मध्ये एक बीप टाकते.

लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं. आईच्या दोन गोधड्या कपाटाच्या दारांवर टाकल्या, आत माईक, मी आत तोंड घालून. पंखा बंद, मे महिना. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाईल, म्हणजे एकदम स्वच्छ, स्टुडिओसारखं रेकॉर्डिंग मागायचे आणि आमच्याकडे समोरच्यांचा कुकर तिसऱ्या शिट्टीला आलेला. शेवटी रात्री दीडला रेकॉर्ड करायला लागले, आणि नवरा अंधारात उठून पाणी प्यायला गेला तरी मी ओरडायचे.

आता महिन्याला बऱ्यापैकी काम असतं, नोकरी सोडलीय. मध्यंतरी एक कॉन्ट्रॅक्ट आलं, त्यात बारीक अक्षरात होतं की माझा आवाज कायमस्वरूपी कुठल्याही तंत्रज्ञानासाठी वापरता येईल. म्हणजे मशीनला शिकवायला. मी ती ओळ खोडून पाठवली. कोऑर्डिनेटर म्हणाला, विचारून कळवतो मॅडम. तीन आठवडे झाले.