तुम्ही विचारलंत म्हणून: माती निकस, मग जंगल हिरवंगार कसं?

जंगलात कोणी खत घालत नाही, माती कित्येक ठिकाणी निकस, मग झाडं इतकी फोफावतात कशी, असं बरेच जण विचारतात. झाडं हातात आलेलं सहजी सोडत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण.

पान पिवळं पडत असतं तेव्हा झाड त्यातला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) काढून फांदीकडे परत नेत असतं. गळण्याआधी साधारण निम्मा साठा असा वाचतो. स्फुरदाची टंचाई असेल तिथे त्याहून जास्त. उरलेला पाचोळ्यातून खाली जातो. अतिपावसाच्या जंगलात बारीक मुळं या पाचोळ्यातच दाट जाळं धरतात आणि कुजणाऱ्या पानातून सुटलेलं अन्न पाण्याबरोबर वाहून जाण्याआधीच टिपतात.

खरी अडचण स्फुरदाची. जुन्या तांबड्या मातीत तो असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटलेला. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की पुढचा स्फुरद फार सावकाश सरकतो. म्हणून बहुतेक झाडं मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीला साखर पुरवतात. तिचे मुळाच्या केसापेक्षाही बारीक तंतू त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात.

नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया या झाडाची तऱ्हा वेगळी, आणि मला ती सर्वांत विलक्षण वाटते. तिथल्या वाळूत स्फुरद इतका कमी की बुरशीचाही फारसा उपयोग होत नाही. बँक्सियाच्या मुळांना बाटली धुण्याच्या ब्रशसारखे आखूड मुळांचे दाट झुपके फुटतात. झुपका जेमतेम काही आठवडे जगतो, पण तेवढ्यात सायट्रेटसारखी आम्लं एकदम सोडून चिकटलेला स्फुरद मोकळा करतो. अशा अनेक झाडांना स्फुरद घेणं आवरतं करता येत नाही. कुंडीत सुपर फॉस्फेट हे नेहमीचं स्फुरदाचं खत घातलंत, तर पानांच्या कडा करपतात, नवी पानं पिवळी पडतात आणि रोप मरतं.

इतर जंगली रोपांनाही स्फुरद बेतानेच द्या. तो भरपूर मिळाला की मुळांवर मायकोरायझा नीट बसत नाही. बुंध्याभोवतीचा पाचोळा झाडून नेऊ नका. जंगल तोडून जाळलं, तर राखेवर दोन-तीन हंगाम पीक बरं येतं. पण नत्राचा मोठा भाग धुरातच जातो, पालाश (पोटॅशियम) पावसात वाहून जातो, आणि तो अडवणारं मुळांचं जाळंही उरलेलं नसतं.