मोबाईलची कामं कुणाकुणाला वाटून दिली

मेच्या सुट्टीत मोबाईल घरी ठेवून भंडारदऱ्याला जायचं, हे ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली. खरं काम त्यानंतर सुरू झालं. मोबाईल नुसता करमणुकीचा असता तर कपाटात टाकून निघालो असतो. पण आमच्याकडे तो गजर लावतो, लोकलचं तिकीट काढतो, रस्ता दाखवतो, भाजीवाल्याला पैसे देतो, लाइट गेले की जिन्यात उजेड पाडतो, नवऱ्याच्या ऑफिसला उत्तरं देतो आणि धाकट्याला जेवू घालतो. ही कामं त्याच्याकडून काढून घेऊन माणसांच्या हातात दिली नाहीत, तर कसारा यायच्या आत कुणीतरी पिशवीत हात घालणार हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून हॉटेल, जेवण, कपडे हे सगळं बाजूला ठेवून आधी या कामांची यादी केली आणि प्रत्येक कामापुढे घरातलं एक नाव लिहिलं.

भंडारदराच का, तर काजव्यांसाठी. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या तोंडावर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लागतात. काजव्याचं बहुतेक आयुष्य ओल्या मातीत अळी होऊन गोगलगायी खाण्यात जातं. पंख फुटल्यावर हातात उरतात ते थोडे आठवडे, आणि तेवढ्यात नराने लुकलुकायचं, मादीने ओळखून उत्तर द्यायचं, अंडी घालायची. त्यांचं सगळं बोलणंच उजेडाचं. अशा झाडासमोर कुणी फ्लॅश मारला किंवा मोबाईलची बॅटरी फिरवली की त्या बोलण्यात अडथळा येतो. धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा तो एकदम म्हणाला, ‘मग तिथे मोबाईल नेणंच वाईट आहे.’ त्याला पटवायला याहून जास्त काही करावं लागलं नाही. आणखी एक, आपल्या डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्ये एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बरोबर दोन साध्या बॅटऱ्या घेतल्यात आणि त्यांच्या काचेवर लाल जिलेटीन कागद रबराने बसवलाय. लाल उजेडात पायाखालचं दिसतं आणि डोळे फारसे बिथरत नाहीत. या दोन बॅटऱ्यांचा मालक धाकटा. सेल तपासायचे, सुटे सेल बाळगायचे, आणि त्याने सांगितल्याशिवाय कुणी बॅटरी लावायची नाही.

शनिवार-रविवारी तिकडे मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते, त्या हेडलाइटमध्ये काजवे बघण्यात अर्थ नाही. आम्ही मधले वार धरले. तारीख आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कालनिर्णय पुढ्यात घेऊन काढली. अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे चंद्राचा उजेड नको. ढग आले तर चांदण्या बुडतील, पण वळीव पडून गेला की काजवे वाढतात. त्यामुळे रात्र कशीही आली तरी आमची तयारी आहे.

कालनिर्णयाचा आणखी एक उपयोग मला या निमित्ताने कळला. आईंचं माहेर देवगडकडचं. तिकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. इतकी वर्षं मी खाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते आणि हा हिशोब मला ठाऊक नव्हता. तो शिकल्यावर थोरली म्हणाली, करून बघूया. म्हणून निघण्याआधीचा सराव म्हणून एका अष्टमीला पहाटे आम्ही सगळे ठाण्याच्या खाडीकाठी, भांडुप पंपिंग स्टेशनला गेलो, मोबाईल न घेता, शेजाऱ्यांची दुर्बीण मागून. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, तेवढं धरलं होतं. पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं आणि उघड्या पडत चाललेल्या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते. ठाण्याच्या खाडीला 2015 साली रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 साली ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली, हे मी पेपरात वाचलेलं. पण दुर्बिणीतून तो पक्षी खातो कसा हे बघणं वेगळंच. मान खाली सोडतो आणि चोच उलटी करून चिखलात घालतो, वरची बाजू खाली. मग तशीच डोलवत पुढे सरकतो आणि मागे चिखलात वाकडीतिकडी रेघ राहते. थोरलीने ती रेघ वहीत काढली. फोटो काढता आला असता तर काढून पाच सेकंदांत दुर्बीण पुढे दिली असती तिने. चित्रासाठी तिला त्या एकाच पक्ष्याकडे खूप वेळ बघावं लागलं, आणि त्यातच तिला दिसलं की मधले काही पक्षी करडे आहेत, गुलाबी नाहीत. ती पिल्लं. सहलीत फोटोचं काम वहीला द्यायचं, हे त्या सकाळी ठरलं.

थोरलीचं मन वळवणं मात्र सोपं नव्हतं आणि तिचं दुःख मला खोटं वाटत नाही. नववीतल्या मुलीसाठी मैत्रिणींच्या ग्रुपवर नसणं म्हणजे काय, हे आपण मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. स्नॅपचॅटवर एका मैत्रिणीबरोबर तिची मोठी स्ट्रीक आहे, रोज एकमेकींना काही पाठवलं तरच ती टिकते. ‘तुटली तर?’ असं तिने विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मी तिला मोबाईल टाक म्हटलं नाही. म्हटलं, मैत्रिणीला भेटून आधी सांग, आणि तिथून तिला पत्र लिही. भंडारदऱ्याच्या धरणाजवळच्या शेंडी गावच्या पोस्टात टाकू. भांडुपच्या पोस्टातून पोस्टकार्डं आणली, पन्नास पैशांना एक. तिने चार मैत्रिणींचे पत्ते गोळा केले. पिनकोड कुणालाच पाठ नव्हता, प्रत्येकीने घरी विचारून सांगितला.

नकाशाही तिच्याकडेच आहे. एका मोठ्या कागदावर तिने प्रवरा काढली, रतनगडापासून निघणारी, 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण, त्यामागचा जलाशय, काठाने रतनवाडी, तिथलं अमृतेश्वराचं जुनं देऊळ, पुढे साम्रद आणि सांदण दरी. सांदणमध्ये आम्ही तोंडापर्यंतच जाणार आहोत, पुढचं आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. अडलं तर रस्ता माणसाला विचारायचा, आणि विचारायचं काम धाकट्याचं. त्याला अनोळखी माणसाशी बोलायला लाज वाटते म्हणूनच ते त्याला दिलंय.

जायचं ते लोकलने. भांडुपहून ठाणे, ठाण्याहून कसारा लोकल. तिकीट खिडकीवरून, म्हणून वीस मिनिटं लवकर. कसाऱ्याला थोडं थांबणार आहोत, कारण घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा असल्यामुळे वर जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून जादा इंजिनं जोडतात, आणि धाकट्याला ते जोडताना बघायचंय. मग जीपने घोटी, घोटीहून एसटीने शेंडी. वाटेत बारीपाशी कळसूबाई दिसतं, 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. एसटीत खिडकी आईंना.

पैसे नवऱ्याकडे. यूपीआय नाही म्हटल्यावर सुट्टे लागणार: दहा, वीस, पन्नासच्या नोटा बँकेतून मागून आणल्या. जीप, एसटी, वनखात्याच्या नाक्यावरचं प्रवेशशुल्क, घरगुती जेवण अशी वेगवेगळी पाकिटं केली, वर पेन्सिलीने आकडा. ऑफिसला त्याने लेखी कळवलंय की या दिवसांत मी भेटणार नाही, आणि त्याच्याजागी कोण बघेल त्याचं नावही दिलंय. हे नाव देणं महत्त्वाचं. नुसतं ‘रजेवर’ म्हटलं की फोन येतातच. गजर माझ्याकडे: चावीचं घड्याळ माळ्यावरून काढून तेल घालून आणलं.

एक साधा बटणांचा फोन मात्र बरोबर आहे, आणि यावर मी ठाम आहे. सत्तरी ओलांडलेलं माणूस आणि लहान मूल घेऊन जंगलाजवळ जाताना पूर्णच संपर्क तोडणं मला पटत नाही. तो बंद करून आईंच्या औषधांच्या डब्यात ठेवायचा, रात्री आठला दहा मिनिटं उघडायचा, माझ्या आईला खुशाली कळवायची. प्रत्येकाच्या खिशात महत्त्वाचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. राजूर हे जवळचं मोठं गाव, तेही चिठ्ठीवर.

दिवसभर काय करणार, असं सगळे विचारतात. दुपारी ऊन असतं, तेव्हा पडवीत बसून पत्ते, बदाम सात आणि मेंढीकोट, आणि आईंचे सागरगोटे. सकाळी करवंदं. मे महिन्यात जाळ्या लगडलेल्या असतात. काटे चुकवून तोडायची, देठाचा चीक बोटांना चिकटतो, ओठांनाही. करवंद अर्धं चावून समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. माझ्या मुलांनी आजवर करवंदं खाल्ली ती स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात विकायला येतात ती, काट्यांतून काढलेली कधीच नाहीत.

रात्री सप्तर्षी. मेमध्ये अंधार पडल्यावर ते उत्तरेला चांगले वर असतात. पुलह आणि क्रतू या कडेच्या दोन ताऱ्यांतून रेघ पुढे ओढली की ध्रुव. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दोन मुठी. आमच्या गच्चीवर मुलं मुठी मोजून बघतात, पण शहराच्या उजेडात त्या जागी काही सापडत नाही. वसिष्ठाशेजारची अरुंधती आईंनी त्यांच्या लग्नात बघितली होती. तिथे गेल्यावर ती नातवंडांना दाखवायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय.

आईंची अट एकच आहे. रात्री साडेआठची त्यांची मालिका चुकणार, तर परत आल्यावर राहिलेले भाग मी शोधून ओळीने लावून द्यायचे. मी हो म्हटलंय.