पत्ता तोच, सर्व्हर नवा

आमची सुरुवात वेबसाइट बनवण्यापासून झाली. डोमेन घेतलंच आहे तर त्यावर चार मेलबॉक्स काढून द्यायचे, एवढंच तेव्हा ईमेलचं काम. पण साइट दुपारभर बंद राहिली तर ग्राहकाचा फोन संध्याकाळी यायचा आणि मेल अडकला तर त्याच मिनिटाला. ऑर्डरी, कोटेशनं, बिलं सगळं मेलवरच चालायचं. हळूहळू मेल सर्व्हर सांभाळणं हाच आमचा मुख्य व्यवसाय झाला. सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारं डोव्हकॉट ही सॉफ्टवेअरची जोडी आम्ही वर्षानुवर्षं चालवली.

त्या सेंटओएसची मुदत ३० जून २०२४ ला संपणार होती. पुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते. सेंटओएस ८ तर २०२१ च्या अखेरीसच बंद झालं होतं. चालू मशीनवरच सिस्टम बदलणारी साधनं आहेत, पण मेलच्या बाबतीत मला तो मार्ग पसंत नाही. अर्ध्यात अडलं तर मागे फिरायला जागा उरत नाही. म्हणून आम्ही सेंटओएससारख्याच अल्मालिनक्स ९ या सिस्टमचा नवा सर्व्हर शेजारी उभा केला आणि जुना चालू ठेवूनच हलवाहलव केली.

ग्राहकांना धास्ती असते ती मधल्या वेळेत येणारे मेल हरवण्याची. तसं सहसा होत नाही. समोरचा सर्व्हर मिळाला नाही तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस वाट पाहतं. जपायचं असतं ते आधी साठलेलं. आमच्याकडे मेल मेलडिर पद्धतीने ठेवलेले, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. मेल वाचला की नाही, त्याला उत्तर दिलं की नाही, ही खूण त्या फाइलच्या नावाच्या शेवटी असते: वाचलेल्याला 'एस', उत्तर दिलेल्याला 'आर'. नाव जरा बिघडलं तर वाचलेले मेल पुन्हा न वाचलेले दिसतात. प्रत्येक फोल्डरमध्ये डोव्हकॉटची क्रमांकांची एक यादीही असते. ती मागे राहिली तर आउटलुक किंवा थंडरबर्डसारखं मेल वाचायचं सॉफ्टवेअर सगळं नवीन समजून पूर्ण मेलबॉक्स पुन्हा उतरवायला घेतं. त्यामुळे आम्ही आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने फोल्डर जसेच्या तसे नेले. पहिली मोठी कॉपी मेल चालू असतानाच केली. मग रात्री जुन्या सर्व्हरवरची सेवा थांबवून फक्त मधला फरक नेला. पासवर्ड हॅशच्या, म्हणजे मूळ पासवर्ड न दाखवणाऱ्या सांकेतिक रूपातच हलवले, म्हणून कोणालाही नवा पासवर्ड टाकावा लागला नाही. मला या कामातली सर्वांत समाधानाची गोष्ट हीच वाटते.

डीएनएसची, म्हणजे डोमेनचा सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रणेची, तयारी आधीच झाली होती. मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते एमएक्स रेकॉर्ड सांगतं; त्याची टीटीएल, म्हणजे इतरांनी ते लक्षात ठेवायची मुदत, एक दिवसावरून पाच मिनिटांवर आणली होती. तरीही काही सर्व्हर जुना पत्ता धरून बसतात. त्यांच्यासाठी जुन्या मशीनवरचं पोस्टफिक्स पुन्हा सुरू केलं, पण आलेला मेल नव्याकडे पाठवण्यापुरतंच.

जाणाऱ्या मेलची काळजी वेगळी. नव्या सर्व्हरच्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकाला, कोणी ओळखत नाही. एसपीएफमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्या यादीत, तो आयपी आधीच घातला, मेलवर डिजिटल सही करणाऱ्या डीकेआयएमची जुनीच किल्ली सोबत नेली आणि सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडून रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, लावून घेतलं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केल्यावर यात ढिलाई चालतच नाही. पहिले काही दिवस ग्राहकांना घाऊक मेल थांबवायला सांगितलं, त्यांनी ऐकलंही.

अडचण आली ती ऑफिसातल्या स्कॅनरची. कागद स्कॅन करून थेट मेल करणारी जुनी यंत्रं टीएलएस या जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीच्या १.० आवृत्तीपुढे जात नाहीत आणि नवी सिस्टम १.२ च्या खाली उतरत नाही. एका यंत्रासाठी सगळ्यांचं कुलूप सैल करणं मला मान्य नव्हतं. ज्यांच्याकडे अशी यंत्रं होती त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्येच छोटा रिले, म्हणजे मेल पुढे पाठवणारा मधला सर्व्हर, बसवून दिला. स्कॅनर त्याच्याशी बोलतो, तो आमच्याशी.

अल्मालिनक्स ९ चे सुरक्षा अपडेट मे २०३२ पर्यंत आहेत. ती तारीख आता आम्ही ग्राहकांच्या वार्षिक बिलावर छापतो आणि पुढच्या स्थलांतराचा खर्चही आधीच सांगून ठेवतो.