वाई: कृष्णाकाठचं छोटं गाव, पण पसारा मोठा

सातारा जिल्ह्यातलं वाई म्हणजे छोटी नगरपरिषद, पण काय काय आहे इथे! कृष्णेच्या काठाने सात घाट आहेत अन् प्रत्येक घाटाचा वेगळा कृष्णाबाईचा उत्सव असतो, एका घाटाचा झाला की पुढच्याचा, त्यामुळे माघ-फाल्गुनात गावात नुसती लगबग. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी बांधलं, १७६२ च्या सुमारास, आणि त्याची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती ठेवली, म्हणजे पुराचं पाणी आपटत नाही, दोन्ही बाजूंनी फाटून निघून जातं. मला तर मूर्तीपेक्षा ती भिंतच जास्त आवडते, खरंच डोकं लावलंय!

बाकी मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्याच प्राज्ञपाठशाळेत शिकलेले ना. पुढे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, वरच्या अंगाला धोम धरण.

फक्त एक मनापासून वाटतं, नदीत जाणारं सांडपाणी अन् वाढणारी जलपर्णी हा प्रश्न रस्ते-दिव्यांच्या आधी घ्यायला हवा, कारण इथलं सगळं कृष्णेमुळेच आहे. येणार असाल तर पावसाळा संपल्यावर या, घाटावर निवांत बसता येतं.