आमची वाटचाल : गल्ल्याशेजारचा लोहचुंबक

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत वडिलांनी भांड्यांचे दुकान थाटले, तेव्हा स्टीलची भांडी किलोच्या भावाने तराजूवर विकली जात आणि टोपावर यंत्राने नाव घालून दिले की व्यवहार पूर्ण होई. माल अस्सल असल्याची खात्री पटवण्यासाठी गल्ल्याशेजारी सुतळीला बांधलेला एक लोहचुंबक असे. तो भांड्याला चिकटला नाही की ग्राहकाचे समाधान होई, आणि खरे सांगायचे तर आमचेही.

त्या समाधानाला तडा गेला तो मिठाच्या एका डब्यामुळे. नौपाड्यातील एका जुन्या ग्राहक काकूंनी तो परत आणला, तेव्हा त्याच्या बुडाशी मोहरीएवढे तांबूस ठिपके पडले होते आणि बोट फिरवल्यावर दोन ठिकाणी खड्डा जाणवत होता. घाऊक व्यापाऱ्याने तो माल ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड, म्हणून दिला होता. आम्ही चुंबक लावून घेतला आणि तसाच विकला. चौकशीअंती कळले ते असे, की ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, २०० मालिकेतील स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून त्याची जागा बरीचशी मँगनीजने भरलेली असते, आणि चुंबक या दोहोंनाही चिकटत नाही. उलट खोल ओढून घडवलेल्या डब्याच्या कोपऱ्यांना उत्तम ३०४ असूनही तो किंचित धरतो. काकूंचे पैसे परत केले. तेव्हापासून नव्या मालातला एक नग प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय आम्ही बिलावर ग्रेड लिहीत नाही.

पुढे घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींतून इंडक्शन शेगडीवाले ग्राहक येऊ लागले आणि वडिलांच्या चुंबकाचा अर्थच उलटा झाला, कारण ज्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटतो तेच भांडे त्या शेगडीवर तापते. ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या भांड्यात बहुधा आतून ३०४, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेरून चुंबक धरणारे ४३० ग्रेडचे स्टील असते; मधला थर उष्णता सगळीकडे पसरवतो, म्हणून खीर किंवा बासुंदी बुडाला सहसा लागत नाही. मात्र चहापुरते पातेले हवे असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजावेत असे आम्हाला वाटत नाही. भाकरीला लोखंडी तवा आणि घावनांना बिडाचा, हे मत तर आम्ही कधीच बदलले नाही. नॉनस्टिक तवा नेणाऱ्याला एवढेच सांगतो, की तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नये. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो.

सुऱ्या विकायला आम्ही सर्वांत उशिरा लागलो, आणि तेथेही चुंबकाने घोळ घातलाच. त्याला चिकटणारी सुरी म्हणजे हलके स्टील, असे समजून ग्राहक चांगली सुरी बाजूला ठेवत. वस्तुस्थिती अशी, की ३०४ ला पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कठीण करता येत नाही. धार टिकणारे स्टेनलेसचे पाते ज्या स्टीलचे असते, त्याला चुंबक चिकटतोच. त्यामुळे आता आम्ही काउंटरवर एक पिकलेला टोमॅटो ठेवतो आणि सुरी ग्राहकाच्याच हातात देतो. साल न दाबता, पात्याच्या नुसत्या वजनाने कापली गेली तर धार चांगली. ती घरी बोथट होते ती बहुतेक वेळा ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापल्यामुळे. लाकडी पाट वापरला आणि अधूनमधून पाण्याने भिजवलेल्या दगडावर दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांच्या कोनात पाते फिरवले, तर साधी सुरीही बरीच वर्षे चालते.

विळीचे तसे नाही. तिचे पाते साध्या लोखंडाचे, धार लवकर घेणारे आणि ओले राहिले तर एका रात्रीत गंजणारे असते. दर गुरुवारी दुपारी दुकानात धार लावणारा कारागीर बसतो. विळी आणताना पाते जाड कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून आणावे; स्टेशनकडच्या गर्दीत ती उघडी पिशवीत घालून कोणी येऊ नये, अशी विनंती आहे.