शिट्टी गेली, चिवचिव उरली

मागच्या नोंदीत गाडीच्या सीटखाली अँप (अँप्लिफायर) बसला होता, हेड युनिटकडून (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओकडून) अँपला गाणं नेणारी आरसीए केबल टाकून झाली होती आणि इंजिन सुरू होताच चारही स्पीकरमधून बारीक शिट्टी येत होती. रेस दिली की ती चढायची, पाय काढला की उतरायची. आता ती पूर्ण गेली आहे. पण ज्या जागी बघ म्हणून जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं तिथे ती सापडली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही शिट्टी म्हणजे नक्की काय ते. अल्टरनेटरमधला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातला) तीन फेजचा एसी सहा डायोडमधून जाऊन डीसी होतो, पण तो सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा राहतात. साधारण १२ पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा ३६ लाटा. इंजिन ८०० आरपीएमवर आणि पुलीचं प्रमाण अडीच धरलं तर अल्टरनेटर २००० आरपीएमवर फिरतो, म्हणजे १२०० हर्ट्झ. इंजिन २४०० वर नेलं की ३६०० हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. त्यामुळे घाटात तिसऱ्या गिअरवर चढताना ती डोक्यात जायची ते काही उगाच नाही.

आमच्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांचं मत एका वाक्यात: ‘अहो, फिल्टर टाका नि मोकळे व्हा.’ फिल्टर म्हणजे आरसीएच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर, तारेचा थेट जोड तोडून फक्त गाण्याचा सिग्नल पुढे देणारी डबी. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज थांबतो हे खरं, पण स्वस्तातल्या डबीतला इवलासा कोअर खालच्या बेसला दम सोडतो, आणि मी सबवूफर कशासाठी घेतला मग? गळक्या नळाखाली बादली ठेवायची नव्हती, नळच शोधायचा होता.

शोधायची पद्धत साधी: शेवटाकडून सुरू करा आणि एकेक टप्पा मागे या. अँपच्या इनपुटवरून आरसीए काढली आणि तिथे शॉर्टिंग प्लग लावले. (जुन्या आरसीए पिनमध्ये मधली पिन आणि बाहेरची रिंग तारेने जोडली की झाला शॉर्टिंग प्लग, विकत आणायची गरज नाही.) इंजिन चालू, रेस दिली, पूर्ण शांतता. म्हणजे अँप, त्याची पॉवरची तार आणि स्पीकरच्या तारा निर्दोष. इथेच शिट्टी आली असती तर अँपचा अर्थ (बॉडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची तार) किंवा खुद्द अँप तपासावा लागला असता. मग प्लग काढून आरसीए परत लावली, पण या वेळी तिचं हेड युनिटकडचं टोक सोडवून तिथे शॉर्ट केलं. तरी शांतता. केबल हेड युनिटला जोडली रे जोडली की शिट्टी हजर.

‘आरसीए आणि पॉवरची तार शेजारून गेली असणार’ हा सल्लाही बराच मिळाला. त्यासाठी मॅटिंग उचकटलं नाही. दुसरी एक लांब आरसीए सीटवरून मोकळीच टाकून जोडली. फरक शून्य. तारा वेगळ्या बाजूंनी न्याव्यात हे बरोबरच आहे, पण प्रत्येक शिट्टीचं खापर त्यावर फोडतात ते मला पटत नाही.

अल्टरनेटरही बघून घेतला. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टीमीटर: डीसी १४.१ व्होल्ट, एसीवर ३० मिलीव्होल्टच्या आसपास. शंभराच्या आत असेल तर डायोडवर संशय घ्यायचं कारण नाही. अर्ध्या व्होल्टकडे सरकत असेल तर ऑडिओचं नंतर बघा, आधी अल्टरनेटर उघडा.

आता मुख्य गोष्ट, अर्थ. अँपच्या अर्थच्या लगखालचा (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, कारण सगळ्यांचा आग्रह तोच होता. काहीही बदललं नाही. अर्थ तपासायला ओहमची रेंज वापरू नका. मल्टीमीटरच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, आणि आपण शोधतो ते त्याहून कितीतरी कमी. व्होल्टेज ड्रॉप (तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) मोजा, तोही प्रवाह वाहत असताना. अँपच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, गाणं जोरात लावून: ४० मिलीव्होल्ट. उत्तम. मग आरसीए आणि अँटेना दोन्ही काढून हेड युनिटच्या धातूच्या खोक्यापासून डॅशबोर्डमागच्या उघड्या पत्र्यापर्यंत मोजलं: ३१० मिलीव्होल्ट. हेड युनिट फारतर एक अँपिअर घेत असेल. म्हणजे त्याच्या अर्थच्या वाटेत निदान ०.३ ओहम. इतक्याशा तारेला हे फार झालं.

मागच्या मालकाने कुठेतरी बसवून घेतलेल्या स्टिरिओचा काळ्या (अर्थच्या) तारेचा जोड निघाला तो: दोन तारा पिळून वर टेप. रत्नागिरीची खारी हवा आणि इतके पावसाळे. टेप सोडली तर तांब्याची हिरवी भुकटी हातात आली. खरी गंमत पुढे. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तो जोड क्षणभर सोडवला, तरी डिस्प्ले चालूच! प्रवाह आरसीएच्या शील्डमधून (सिग्नलच्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) अँपकडे आणि तिथून बॉडीला जात होता. शिट्टीचं मूळ तेच. हेड युनिटच्या प्रवाहात अल्टरनेटरच्या लाटा असतातच. तो प्रवाह शील्डमधून परतला की शील्डच्या रोधावर काही मिलीव्होल्ट पडतात, आणि अँपला ते मिलीव्होल्ट गाण्याचाच भाग वाटतात. मग तो इमानदारीने ते वाढवून देतो.

हा प्रयोग तुम्ही करू नका. बऱ्याच हेड युनिटमध्ये आरसीएच्या शील्डच्या वाटेवर केसाएवढा पातळ ट्रॅक किंवा चिमुकला फ्यूज असतो, तो जळला की आणखी वेगळी शिट्टी सुरू होते. आरसीए लावता-काढताना हेड युनिट बंद ठेवा तेही यासाठीच.

दुरुस्ती फुटकळ आहे. अडीच चौरस मिलिमीटरची काळी तार, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले लग. एक हेड युनिटच्या मागच्या स्क्रूला, दुसरा डॅशबोर्डमागच्या आडव्या लोखंडी बीमवर, रंग घासून, दातेरी वॉशर घालून, वर व्हॅसलिनचा हात. कंपनीची काळी तारही नीट सोल्डर करून हीटश्रिंक घालून जोडली. आता तोच ड्रॉप ६ मिलीव्होल्ट. इंजिन ३००० वर नेऊन ट्वीटरला कान लावला, काही नाही.

मग अर्थातच जे शिट्टीखाली दबलेलं होतं ते वर आलं. फोन ऑक्सला (हेड युनिटच्या तारेच्या इनपुटला) जोडून त्याच वेळी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून चार्ज केला की चिवचिव येते, आणि स्क्रीनवर बोट फिरवलं की तिचा सूर बदलतो. चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला प्रवाह झपाट्याने चालू-बंद करतो, आणि फोनला आता दोन अर्थ मिळतात: एक चार्जरचा, एक ऑक्सचा. चार्जर काढला की शांत. ब्लूटूथवर चिवचिव नाहीच, कारण तिथे तारेचा लूपच नाही. इथे मात्र काकांची डबी चालेल असं माझं मत झालंय. चार्जरचा अर्थ तोडता येत नाही, ऑक्सचा तोडता येतो, आणि डबी फक्त फोनच्या वाटेवर बसते, त्यामुळे पेनड्राइव्हवरच्या गाण्यांचा बेस शाबूत राहतो.

एक भानगड अजून बाकी आहे. एफएमवर दूरचं स्टेशन लावलं की खरखर, आणि ती इंजिनावर अवलंबून नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावून गाडीत फिरवला. अशा शोधकामाला याच्याइतकं स्वस्त यंत्र नाही. डॅशकॅमच्या अ‍ॅडॉप्टरजवळ तो किंचाळला, काचेवरून जाणाऱ्या तारेजवळही, आणि ती तार अँटेनाच्या केबलला अगदी खेटून गेली आहे. फेराइटची क्लिप अडकवून खरखर थोडी कमी झाली, गेली नाही. अ‍ॅडॉप्टर बदलायचा आणि तार दुसऱ्या खांबातून न्यायची ठरवलंय. तोवर अँपच्या गेनला (आवाज किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या खुंटीला) हात लावत नाही.