पाय झीरोवर यूएसबी नेटवर्क: ईसीएमकडून एनसीएमकडे

मागच्या नोंदीपर्यंत पाय झीरो (रास्पबेरी पायचा छोटा संगणक) एकाच यूएसबी केबलवर वीज आणि नेटवर्क दोन्ही घेत होता. डीडब्ल्यूसी2 ओव्हरले (यूएसबी पोर्ट उपकरणासारखा चालवणारी सेटिंग), जी-इथर मॉड्यूल (पायला लॅपटॉपपुढे नेटवर्क कार्ड म्हणून उभं करणारं), झालं काम. पण जी-इथर दर बूटला नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) काढतो. लॅपटॉपला वाटतं, नवंच कार्ड लागलंय, आणि आधी दिलेली आयपी सेटिंग बाजूला राहते. मॉड्यूलला पॅरामीटर देऊन पत्ता पक्का करता येतो, पण मला एनसीएम (यूएसबीवरून इथरनेट नेण्याची ईसीएमपेक्षा नवी पद्धत) हवंच होतं, म्हणून थेट कॉन्फिगएफएसवर (फोल्डर आणि फाइली बनवून कर्नलची सेटिंग करण्याची सोय) गेलो.

तिथे सगळा खेळ फोल्डरांचा. गॅजेट (पाय ज्या यूएसबी उपकरणाचं सोंग घेतो ते), त्यात फंक्शन, त्यात कॉन्फिगरेशन, दोघांना जोडणारी सिमलिंक, आणि शेवटी यूडीसी फाइलमध्ये यूएसबी कंट्रोलरचं नाव. दोन्ही टोकांचे मॅक पत्ते सिमलिंक जोडण्याआधीच लिहा, नंतर कर्नल 'बिझी' म्हणून हाकलतो. पहिला बाइट 02 ठेवला की पत्ता लोकल ठरतो, कुठल्या कंपनीच्या कार्डाशी टक्कर होत नाही.

ईसीएम (आतापर्यंत वापरलेली जुनी पद्धत) सोडण्याआधी एक गंमत डोळ्यांनी बघायची होती. ईसीएममध्ये एका ट्रान्सफरमधून एकच इथरनेट फ्रेम जाते आणि तिची लांबी कुठेही लिहिलेली नसते. हाय-स्पीड यूएसबीवर बल्क (डेटा नेणारं) पॅकेट जास्तीत जास्त 512 बाइटचं. त्याहून छोटं आलं की समोरचा समजतो, फ्रेम संपली. 1514 बाइटची फ्रेम 512, 512 आणि 490 अशी जाते, प्रश्न नाही. पण फ्रेम नेमकी 512 चीच निघाली तर? नियमाने शेवटी शून्य लांबीचं पॅकेट पाठवायचं. सगळं हार्डवेअर ते नीट हाताळेल यावर लिनक्सच्या यूएसबीनेट ड्रायव्हरचा भरवसा नाही, तो सरळ एक जादा बाइट चिकटवून देतो. पिंगला 470 बाइट दिले (त्यावर हेडरचे बाइट: आयसीएमपीचे 8, आयपीचे 20, इथरनेटचे 14), यूएसबीमॉन (यूएसबीवरची वाहतूक टिपणारी कर्नलची सोय) लावलं, ती बघायला वायरशार्क उघडलं. लॅपटॉपकडून निघालेली ट्रान्सफर: 513. पिंग 469 चं केलं की 511. त्या एका बाइटचा आनंद घरात कुणाला सांगून उपयोग नव्हता, म्हणून इथे.

एनसीएममध्ये प्रत्येक फ्रेमची लांबी लिहिलेलीच असते. बऱ्याच फ्रेम एका ब्लॉकमध्ये बांधल्या जातात, सुरुवातीला एन-सी-एम-एच अशी चार अक्षरांची खूण, मग ब्लॉकची लांबी, आणि कुठली फ्रेम कुठून किती बाइट याचा तक्ता. मोठी फाइल पाठवताना फरक लगेच जाणवतो, कारण झीरोच्या एकुलत्या कोअरला दर फ्रेममागे वेगळी ट्रान्सफर हाताळावी लागत नाही.

मात्र एसएसएचवर (लॅपटॉपवरून झीरोच्या टर्मिनलवर) टाइप करताना कुरकुर आहे. ड्रायव्हर शेअर रिक्षावाल्यासारखा आणखी एखादी सवारी येते का बघत थांबतो. लॅपटॉपच्या सीडीसी-एनसीएम ड्रायव्हरचा टायमर मुळात 400 मायक्रोसेकंदांचा. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणारा भाग) त्याची फाइल आहे, तिथे 0 लिहिलं की थांबणं बंद. पिंगचा वेळ खाली आला. झीरोच्या बाजूचा टायमर मात्र एफ-एनसीएमच्या (गॅजेटच्या बाजूचं एनसीएम मॉड्यूल) कोडमध्येच 300 मायक्रोसेकंद असा लिहून ठेवलाय, तो बदलायचा तर मॉड्यूल पुन्हा कंपाइल करणं आलं. माझ्या मते ही किंमत फार नाही, पण खाज सुटलीय खरी.

आरएनडीआयएस (यूएसबी नेटवर्कचा मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल) मुद्दाम घेतलं नाही. मॅकओएसमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही, आणि समोरच्या उपकरणावर विश्वास ठेवल्याशिवाय तो प्रोटोकॉल सुरक्षित चालत नाही म्हणून लिनक्स कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2022 मध्येच लिनक्समधले त्याचे ड्रायव्हर बंद करण्याचा पॅच पाठवला होता. जुन्या विंडोजसाठी लोक अजून त्याला धरून आहेत, ते समजू शकतो.

विंडोज 11 मध्ये एनसीएमचा ड्रायव्हर आधीपासून असतो. पुढचं काम तेच: ओएस डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण विंडोजला आपली ओळख सांगतं ती नोंद) विनएनसीएम आयडी देऊन बघायचं. कुणी झीरो 2 डब्ल्यूवर एफ-एनसीएमचा टायमर कमी करून पाहिला असेल तर आयपर्फचे (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) आकडे टाका.